साळूबाईनं उघडलेले डोळे

"खाली ठिवू नगंस," साळूबाई मागं न बघताच म्हणाली.

पुष्पावतीनं पदराची गाठ पुन्हा मुठीत धरली. खाली ठेवायचं तिच्या मनातसुद्धा नव्हतं. हात अवघडला म्हणून ती गाठ या मुठीतून त्या मुठीत घेत होती, एवढंच. खर्ड्याच्या रस्त्यावरचा फाटा कधीच मागं पडला होता. एस.टी.नं दोघींना तिथं सोडलं तेव्हा ऊन कोवळं होतं, आता ते डोक्यावर येऊ लागलं होतं आणि वाघदरा अजून समोरच्या टेकाडापलीकडंच होता. वैशाखातला माळ. झाड म्हणावं तर दूरवर एखादी बाभूळ, आणि पाखराचा आवाज म्हणावा तर तोही नाही.

"मावशी, जड लागतंय हो."

"लागणारच. तोंड तुज्याकडंच हाय न्हवं तिचं?"

"हो, माझ्याकडंच."

"मग चल."

पदराच्या गाठीत लाल कापड होतं आणि लाल कापडात टाक. अंगठ्यापेक्षा जरासा मोठा, पानाच्या आकाराचा चांदीचा पत्रा. आपल्याकडं देव्हाऱ्यात असतात तसलाच. खंडोबाचा असतो, भवानीचा असतो, आणि घरातून गेलेल्या माणसाचाही असतो. वजन ते किती असणार? कुंकवाच्या डबीएवढंही नाही. पण कडेवरचं मूल झोपलं की कसं जड होत जातं, तसा तो पत्रा पावलागणिक जड होत होता. पुष्पावती मनातल्या मनात मोहट्याच्या देवीचं नाव घेत चालली होती.

पत्र्यावर कडूबाई होती. गेलेल्या सवाष्णीचा टाक. आणि कडूबाई गेलेली नव्हती.

निदान श्रीमंत नावाचा जीपवाला तरी तसं म्हणाला होता.

साळूबाई ही जामखेडची ओतारीण. देव आणि टाक घडवणाऱ्या ओतारी समाजाची सगळ्या तालुक्यात चार-दोन घरं. मोर्चा निघत नाही, पुढारी येत नाही, कुणाच्या गणतीतच नाहीत म्हणा ना. पण ज्याच्या त्याच्या देव्हाऱ्यात हात मात्र त्यांचाच. साळूबाई लग्न होऊन आली ती परकरातली पोर. नवरा राळेच्या मऊ थरावर पत्रा ठोकायचा आणि ही समोर बसून राळ ऊन करून द्यायची. बघता बघता पत्रा धरायला शिकली, मग छिन्नी धरायला. पुढं नवऱ्याच्या हाताला कापरं भरलं. सगळा टाक तो कसाबसा करायचा, पण डोळे करायला हात ठरेना. तेव्हा हिनं त्याच्या हातातली बारीक छिन्नी काढून घेतली.

समाजातली माणसं चिडली. बाईनं देवाचे डोळे उघडायचे म्हणजे काय? साळूबाई म्हणाली, "जीव घालायचा बाईनं, आन डोळं उघडायला मातुर बाप्या पायजे व्हय?" पुढं कुणी बोललं नाही. बोललं असेल तर तिच्या पाठीमागं.

नवरा गेला तेव्हा त्याचा टाक तिनंच केला. पण डोळे तेवढे केले नाहीत. पुष्पावतीनं एकदा विचारलं, "का हो मावशी?"

"हुता तवा लई बगून घेतलं त्यानं. माज्यावरच डोळा. आता पडूंदे निवांत."

दोन्ही पोरं पुण्याकडं कारखान्यात लागली. साळूबाईचं गिऱ्हाईक हळूहळू आटलं. लोक यात्रेत तयार ठशाचे टाक घेऊ लागले. आणि अशात नव्व्याण्णव साली समाजमंदिराच्या मागच्या खोलीत ते केंद्र निघालं. एका संस्थेनं एक कॉम्प्युटर दिला, टेलिफोनची लाईन घेतली आणि तिथं बसायला पुष्पावतीला नेमलं. पुष्पावती मराठी शाळेतून शिकलेली, टायपिंग झालेली, मास्तरांची मुलगी. लहान-लहान समाजांचे जे कारागीर आहेत, पिंजारी, पद्मशाली, ओतारी, त्यांचा माल इंटरनेटवर दाखवायचा, मागणी आली तर कळवायची, असं तिचं काम. पद्मशाली विणकर म्हणाला, आमचं लुगडं हात लावल्याशिवाय कोण घेतं? पिंजारी म्हणाला, गादी काय तारेतून पाठवू? साळूबाई एकटीच म्हणाली, "बगू तरी."

तिचा फोटो काढला. दारात बसलेली, मांडीवर राळेची वाटी, समोर टाक मांडलेले. तो नगरला पाठवून मशीनमध्ये घालून आणला. पहिल्यांदा ते पान उघडलं तेव्हा साळूबाई खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. त्या काळात चित्र एकदम यायचं नाही, वरून खाली पट्टी-पट्टीनं उतरायचं. आधी दाराची चौकट आली. मग पदराचा काठ. मग कपाळ. मग तिथं अडकलं.

"थांबलं काय गं?"

"लाईन मंद आहे मावशी. येतंय."

डोळे उतरले आणि साळूबाई स्वतःकडं बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "हे कोण कोण बगतंय?"

"जगात कुणीही बघू शकतं."

"आन तू मशीन बंद करून घरी गेलीस की?"

"तरी असतंच ते. दुसरीकडं कुठंतरी मोठं मशीन असतं, त्याच्यात. ते कधी बंद होत नाही."

"म्हंजे हितं मी निजलीया, आन तितं माजं डोळं उघडंच."

पुष्पावती हसली. साळूबाई हसली नाही.

देवांच्या टाकांची मागणी येऊ लागली. अमेरिकेतल्या एका बाईंना खंडोबा हवा होता, बंगळूरच्या एका कुटुंबाला सप्तशृंगी. साळूबाई टाक करायची, पुष्पावती पोस्टानं पाठवायची. आणि मग सुरतेहून राधाकृष्ण नावाच्या माणसाचा मजकूर आला. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. माझी बायको कडूबाई वारली. दुसरं लग्न ठरलंय. नव्या सासरची माणसं जुन्या वळणाची, पहिलीचा टाक मुलीच्या गळ्यात पडल्याशिवाय मुलगी देत नाहीत.

ही रीत आपल्याकडं जुनीच. दुसरीनं पहिलीला गळ्यात बाळगायचं, म्हणजे पहिलीची नजर संसारावर राहते आणि संसाराला दृष्ट होत नाही.

साळूबाईनं मान हलवली. "देवाचं निराळं. देव हायच, कुनी सांगाय नको. पर मानसाचा टाक असा न्हाई करता येत. घरचं मानूस माज्या दारात यावं लागतं. ओंजळीत गहू घिऊन उंबऱ्यावर हुबं ऱ्हायचं आन आपल्या तोंडानं तीनदा म्हनायचं, गेली. मग मी पत्रा हातात घेती. माज्या सासऱ्यापास्नं असंच हाय."

"मावशी, सुरतेहून कसा येईल तो? त्यानं लिहिलंय ना."

"लिवलं म्हंजे म्हटलं न्हाई."

पण चांगलं गिऱ्हाईक होतं, माणूस अडला होता आणि लग्न खोळंबलं होतं. साळूबाईनं खूप विचार केला. शेवटी तिनंच तोड काढली. मशीनच्या तोंडचं पुष्पावतीनं आपल्या तोंडानं म्हणायचं. मशीनला तोंड नाही, तर मशीनवर बसणारीचं तोंड तेच त्याचं तोंड. असा विचार फक्त साळूबाईच करू शकते, आणि पुष्पावतीलाही त्या वेळी तो बरोबरच वाटला. तिनं उंबऱ्यावर उभं राहून ओंजळीत गहू धरले आणि म्हटलं, कडूबाई गेली. कडूबाई गेली. कडूबाई गेली. गहू साळूबाईच्या पदरात पडले. कधी न पाहिलेल्या बाईबद्दल असं म्हणताना जीभ कोरडी पडली, एवढं पुष्पावतीच्या लक्षात राहिलं.

राधाकृष्णानं लग्नातला फोटो पाठवला होता. तो उघडायला गेली तर वरून मुंडावळ्या उतरल्या, कपाळ उतरलं, मळवट उतरला, भुवया उतरल्या, आणि लाईन तुटली. पुन्हा लावली. पुन्हा भुवयांपर्यंत. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, कधीही लावा, चित्र भुवयांखाली म्हणून उतरेना. बाकीची चित्रं उतरत होती. हेच उतरत नव्हतं.

"ऱ्हाऊंदे," साळूबाई म्हणाली. "डोळं मी करते."

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तिनं कडूबाईचे डोळे उघडले. बारीक छिन्नीचा एक टोला इकडं, एक तिकडं. पुष्पावती समोरच होती. दुसऱ्या टोल्याला साळूबाईनं हातोडी खाली ठेवली आणि कान दिला.

"आवाज भरीव आला गं."

"म्हणजे?"

"गेलेल्या मानसाचा पत्रा पोकळ वाजतो."

तिनं टाक पाठवायचा म्हणून कापडात बांधला खरा, पण पाठवू दिला नाही. आज नको, उद्या बघू. पालथा ठेवला की सकाळी उताणा असायचा. साळूबाई म्हणायची, मांजर आलं असंल. तिच्याकडं मांजर नव्हतं.

राधाकृष्णाचे मजकुरावर मजकूर येत होते. मग एक दिवस श्रीमंत जीपवाला केंद्रात फोन करायला आला. वाघदऱ्याकडच्या फेऱ्या तोच मारतो. फोन लागेना म्हणून बसला, आणि पुष्पावतीला सहज आठवलं की राधाकृष्णानं बायकोचं माहेर वाघदरा आणि तिच्या आईचं नाव छबूबाई लिहिलं होतं. तिनं विचारलं, "तुमच्या वाटेवरची कडूबाई कशानं वारली हो? छबूबाईंची मुलगी. सुरतेला दिलेली."

"कडी?" श्रीमंत हसला. "कडी कशाला मरती? नवऱ्यानं टाकलीया तिला. माघारी आणून सोडली, म्हनला बोलावनं धाडतो. त्याला चार वर्सं झाली. परवाच माज्या जीपमधी..." आणि तो थांबला. कपाळाला आठी घातली. "परवाच का? न्हाई... पाडव्याच्या आधी हुती मागच्या शिटावर. त्याच्या मागनं..." श्रीमंतानं डोकं खाजवलं. "इचित्रच हाय. रोज त्यांच्या दारावरनं जातो मी. पर तिला बगितल्याचं काय ध्यानात येईना."

साळूबाईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं काम थांबवलं. राळेची वाटी बाजूला सरकवली. छिन्नी आणि हातोडी फडक्यात बांधली.

"उद्याच्याला जायाचं. जीप नगं, फाट्यापास्नं पायी. तू बी."

"मी कशाला?"

"हात माजा, पर तोंड तुजं हुतं. ज्या तोंडानं गेली म्हनलं, त्याच तोंडानं तिच्या दारात हाय म्हनाय पायजे. आन वाटंनं तिला तूच धरायची. भुईला टेकवायची न्हाई. टेकली की मातीनं घेतली समज."

म्हणून ती पदराला गाठ.

टेकाडाच्या पायथ्याला एक विहीर होती, कडेला मेंढरं बसलेली आणि त्यांच्यामागं घोंगडी डोक्यावर घेतलेला एक म्हातारा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. पावलांच्या आवाजानं त्यानं मान वळवली.

"कुटं निगाल्या गं उन्हाच्या?"

"वाघदऱ्याला, बाबा."

"पानी प्या. भांडं एकच हाय, तिगी मिळून प्या."

पुष्पावतीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. साळूबाईनं तिच्याकडं बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मग म्हाताऱ्याला म्हणाली, "पितो बाबा. तिगी बी पितो." दोघी प्यायल्यावर तिनं उरलेल्या पाण्यात बोट बुडवलं आणि पदराच्या गाठीवर तीन थेंब सोडले. गाठ एकदम हलकी झाली, आणि पुढच्या चार पावलांत पुन्हा पहिल्यासारखी जड.

"त्याला दिसत न्हाई मावशी. म्हणून म्हणाला."

"व्हय. दिसत न्हाई म्हनूनच म्हनला."

वाघदऱ्यात शिरल्या तेव्हा सावली पायाखाली आली होती. गावात शिरताना कुत्री भुंकावीत, तर पारावरची कुत्री दोघींकडं बघून उठली आणि गाठीकडं बघून पुन्हा बसली. छबूबाईचं घर शेवटचं. अंगणात ती तुरीची डाळ पाखडत होती. ओट्यावर पाट्याचा दगड, पाण्याचा रांजण.

"छबूबाई का तुमी?"

"व्हय. कुनीकडनं आल्या?"

"जामखेडनं. कडूबाईला भेटाय."

छबूबाईचं सूप थांबलं. चेहऱ्यावर एक गोंधळ आला. कुठं काय ठेवलंय ते आठवताना येतो ना, तसा. "कडू... हाय की. घरातच आसंल. का पान्याला गेली?" तिनं घराकडं तोंड करून हाक मारली. "कडे! ए कडे!" उत्तर नाही. "कुटं जाती काय ठावं. अलीकडं कळतच न्हाई बगा. सैपाकाला बसते तर दोघींचं पीठ घेयाचं सोडून एकटीचंच घेती मी. मागनं ध्यानात येतं."

"मी हितंच हाय," कुणीतरी म्हणालं.

पुष्पावती एक पाऊल मागं सरली. रांजणाला टेकून, त्यांच्यापासून हातभर अंतरावर, एक बाई बसली होती. हिरवं विटकं लुगडं, गुडघे पोटाशी. दोघी तिच्या अगदी शेजारून चालत आल्या होत्या. तिचा पदर पुष्पावतीच्या पायाला लागला असणार. तरी दिसली नव्हती.

"मी मगाधरनं बोलतीया," कडूबाई म्हणाली. "तुमी या म्हनलं, बसा म्हनलं. पर तुमी बी त्यातल्याच."

तिचे डोळे सताड उघडे होते. पापणी लवत नव्हती. आणि ते डोळे पुष्पावतीनं पाहिलेले होते. फोटोत नव्हे, फोटो तर कधी भुवयांखाली उतरलाच नाही. ते पत्र्यावर पाहिले होते. थोडे बाहेरच्या बाजूला उतरते, डावा जरासा मोठा.

साळूबाई तिच्यासमोर जमिनीवर बसली. "कवापास्नं असं हाय बाय?"

"पाडव्याच्या दुसऱ्या दिशी दुपारी आडावर गेल्ते. माजा हंडा पुडं हुता. बायका आल्या आन माज्या हंड्यापुडं हंडं लावाय लागल्या. भांडली असती मी, मला काय भ्याव हाय? म्हनलं, ए सटवे, दिसत न्हाई का? तर माज्या आरपार बगून आपसांत बोलत ऱ्हायल्या." ती हसली, पण डोळे तसेच. "मग दुकानदार. मग जीपवाला हात करून बी थांबंना. टाकलेल्या बाईकडं लोक बगत न्हाईत ते ठावं हाय मला, चार वर्सं तेच करतीया. पर कुत्रं तरी वळखतं का न्हाई? मीठ लागत न्हाई तोंडाला. आन डोळा मिटत न्हाई. रातभर आढं बगती."

"सासरी असताना?"

"सासरी सगळ्यांचं ध्यान माज्यावरच की. भाजीला मीठ कनभर जास्ती झालं तरी अख्ख्या चाळीला कळायचं."

साळूबाईनं सगळं सांगितलं. आडपडदा न ठेवता. नवऱ्याचा मजकूर, दुसरं लग्न, गव्हाची ओंजळ, डोळे. छबूबाई सूप हातात धरून ऐकत होती. ती नेमकी कोणाबद्दल ऐकतेय हे तिला अधूनमधून विसरायला होत होतं, असं तिच्या तोंडाकडं बघून वाटत होतं. कडूबाई मात्र एकदाच बोलली.

"मला मारलं व्हय त्यानं. आन मारून, पुना त्या नव्या बाईच्या गळ्यात घालनार."

"घातली न्हाई अजून. उठ."

साळूबाईनं पुष्पावतीला बाहेरून उंबऱ्यावर उभी केली. छबूबाईकडून गहू मागून तिच्या ओंजळीत दिले. गाठ सोडून टाक कडूबाईच्या तळहातावर ठेवला, तोंड तिच्याकडं करून. कडूबाईनं तो बघितला आणि मान मागं घेतली, जणू आरशातलीनं आधी मान हलवली होती.

"म्हन."

पुष्पावतीनं तोंड उघडलं. आवाज आला नाही. उन्हात ते अंगण इतकं शांत होतं की डाळीवरची माशी ऐकू येत होती. तिनं देवीचं नाव घेतलं. तरी नाही. मशीनसमोर बसून वाचलेलं म्हणणं सोपं होतं. तिथं समोर कुणी नसतं. इथं एक बाई उघड्या डोळ्यांनी तिच्याकडं बघत होती आणि तिचं असणं-नसणं हिच्या जिभेवर होतं.

"नाव घिऊन म्हन. तिच्याकडं बगून म्हन. दुसरीकडं बगून म्हनशील तर लागू व्हायचं न्हाई."

पुष्पावतीनं कडूबाईकडं बघितलं. चांगलं बघितलं. कानात तुटलेली बाळी, हनुवटीवर गोंदण, कपाळाला कुंकू लावून पुसलेलं आणि पुन्हा लावलेलं. "कडूबाई हाय," ती म्हणाली. "कडूबाई हाय. कडूबाई हाय."

गहू कडूबाईच्या पदरात पडले.

साळूबाईनं टाक पाट्याच्या दगडावर धरला. छिन्नी उलटी करून, तिच्या बोथट बाजूनं, उजव्या डोळ्यावर अगदी हलका टोला दिला. कडूबाईची उजवी पापणी मिटली. मग डावा. तोही मिटला. दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, आणि कडूबाई मिटल्या डोळ्यांनी कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, उन्हातून आलेलं माणूस गार पाण्यात हात बुडवून बसतं तशी.

मग छबूबाई एकदम ओरडली, "अगं कडे, उन्हात काय बसलीस मरायला? आत हो! आन पाव्हण्यांना पानी इचारलंस का?"

पारावरून एक कुत्रं धावत आलं आणि कडूबाईवर भुंकू लागलं. कडूबाईनं डोळे उघडले, दगड उचलला, नेम धरून मारला आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

छबूबाईनं तिघींना जेवायला बसवलं. बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. कडूबाईनं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि मान डोलावली. साळूबाईनं टाकाच्या पत्र्यावरून हातोडी फिरवून सगळं रूप सपाट केलं. उरला तो नुसता पत्रा.

"हा ठिवू का मी?" कडूबाईनं विचारलं.

"नगं. चांदी माजी, जीव तुजा. ज्याचं त्यानं न्यावं."

"मग माजी जोडवी बी न्या. वितळवून टाका." तिनं पायातली जोडवी ओढून काढली. तिची आई हां-हां म्हणेपर्यंत साळूबाईच्या हातात दिली. "आन त्याला मशीनवर कळवा. म्हनावं, बाई हाय. आन त्या पोरीच्या घरच्यांना बी कळवा."

"कळवते," पुष्पावती म्हणाली. "उद्याच."

ऊन कलल्यावर दोघी परत निघाल्या. पदर मोकळा होता. पुष्पावती सारखी मुठीत गाठ चाचपायची आणि ती नाही म्हणून दचकायची. विहिरीपाशी मेंढरं उठून चरायला लागली होती. म्हाताऱ्यानं मान वळवली.

"दोगीच गं? तिसरीला कुटं ठिवलं?"

"तिच्या घरी पोचवली, बाबा."

"बरं केलं," तो म्हणाला आणि मेंढरांना हाळी दिली.

टेकाड चढताना साळूबाई दमली. एका दगडावर बसली. पुष्पावतीनं भीत भीत विचारलं, "आता बंद करायचं का मावशी मशीनवरचं?"

"बंद कशाला? देवाचं येऊं दे की. देवाला कोन गेला म्हनतंय? मानसाचं मातुर घेयाचं न्हाई. घेयाचं तर घरचं मानूस दारात आल्यावर. तसं लिव तितं."

"एवढ्या लांबून कोण येणार?"

"नगं येऊंदे."

खाली वाघदऱ्याच्या शेवटच्या घरातून धूर निघत होता. दोघींपुरता स्वयंपाक. साळूबाई त्या धुराकडं बघत होती. तिच्या मांडीवर छिन्नी-हातोडीचं फडकं होतं.

"पुष्पे."

"काय मावशी?"

"माजं येक काम कर. मी गेले की पोरं यतील, जाळतील, काय करायचं ते करतील. टाक कुनी करनार न्हाई, करू बी नये. पर त्या मशीनमधी मी दारात बसलीया. डोळं उघडं ठिवून. ते मशीन बंद व्हईत न्हाई म्हनलीस ना?"

"हो."

"मग तितलं माजं डोळं तू मिटव. दुसऱ्या कुनाला सांगू नगंस." ती उठली, फडकं काखेत घेतलं. दोन पावलं चालली आणि पुन्हा थांबून मागं वळली. "आन मिटवायच्या आदी माज्या दारात यी. आत यिऊन बग, मी खरंच गेलीया का. कुनी सांगितलं म्हनून नगं. तुज्या डोळ्यानं बग."